रोबोट घ्यायचा का भारूड बसवायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी तुमचं हंगामी वसतिगृह आहे, त्याला लागूनच गावात मागं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसभराचं केंद्र आहे, एका कंपनीकडून सीएसआरचे, म्हणजे कंपन्या समाजकार्याला देतात त्या निधीतले, आठ लाख मिळू शकतात पण त्यांना 'काहीतरी टेक्नॉलॉजीवालं' पाहिजे म्हणून त्यांनी सोशल रोबोट, म्हणजे माणसाला सोबत करणारा रोबोट, सुचवलाय, आणि तुमचे एक शिक्षक म्हणायलेत की त्यापेक्षा लेकरांचं नाटक बसवू. यातलं मनाच्या तब्येतीला खरं काय उपयोगी पडतं, असं तुम्ही विचारलंय.

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, नाटकाचा नाद कॉलेजपासूनचा, आणि मराठवाड्यातच फिरून काम करताना हे दोन्ही कधी एकत्र झालं ते कळलंही नाही. त्यामुळं माझं मत जरा नाटकवाल्यांच्या बाजूनं झुकलेलं वाटेल, पण मी रोबोटच्या विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच की रोबोट आपल्या उपयोगाचा आहे तो एका कारणासाठी, तो माणसाला बोलायला दुसऱ्याचं तोंड देतो. जे स्वतःच्या तोंडानं सांगता येत नाही ते त्याच्या निमित्तानं सांगता येतं. आणि एवढ्या कामाला पाच लाखाचं मशीन लागत नाही, पण त्याच्या शेजारी बसणारा कळता माणूस मात्र लागतोच लागतो.

आता कंपनीनं जे ब्रोशर दाखवलं असेल त्यात पारो नक्की असणार. हा पांढरा केसाळ सीलच्या पिलासारखा रोबोट, जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी बनवलेला, वजन तान्ह्या लेकराएवढं, अंगावर हात फिरवला की हलतो, आवाजाकडं मान वळवतो, डोळे मिटतो. डिमेन्शियाच्या, म्हणजे म्हातारपणी स्मरणशक्ती जायच्या आजाराच्या, पेशंटसाठी तो जगभर वापरतात, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, २००९ मध्ये त्याला मेडिकल डिव्हाइस म्हणून मान्यताही दिलीय. किंमत साधारण सहा हजार डॉलर, म्हणजे पाच लाखाच्या वर गेलं की, कस्टम ड्युटी वेगळी.

काम करतो का? करतो, पण कसं ते नीट बघा. ऑस्ट्रेलियात वेंडी मॉयल यांच्या टीमनं २०१७ मध्ये मोठी ट्रायल छापली, २८ केअर होम, ४१५ डिमेन्शियाचे पेशंट, तीन गट. एका गटाला चालू पारो, दुसऱ्या गटाला तोच पारो पण आतलं मशीन बंद करून, म्हणजे नुसतं खेळणं, तिसऱ्याला नेहमीची देखभाल. आठवड्यातून तीनदा १५-१५ मिनिटं, दहा आठवडे. चालू पारोशी माणसं जास्त बोलली, जास्त वेळ त्याच्याकडं बघत राहिली, नेहमीच्या देखभालीपेक्षा खुशही दिसली. पण बंद खेळण्याच्या तुलनेत फरक तुम्हाला वाटेल तेवढा मोठा नव्हता. आणि माझ्या दृष्टीनं यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे या सेशनमध्ये शेजारी बसून बोलतं करणारा माणूसच ठेवला नव्हता, पेशंट आणि पारो, बस. केअर होममध्ये रोबोट एकट्याच्या जिवावर सोडला तर त्याच्या मशीनपणाचा फायदा मर्यादित राहतो, हे मी त्यातून घेते. कुणी दुसरं घेईल.

लेकरांचं वेगळं आहे. केंब्रिज युनिव्हर्सिटीत २०२२ मध्ये ८ ते १३ वयाच्या २८ मुलांबरोबर नाओ नावाचा दोनेक फुटी रोबोट वापरून बघितला, त्यानं मुलांना गेल्या आठवड्यातल्या चांगल्या-वाईट आठवणी विचारल्या, चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावली. काही मुलांनी जे फॉर्मवर लिहिलं नव्हतं ते रोबोटला सांगितलं. रोबोट रागवत नाही, घरी सांगत नाही, तोंड वाकडं करत नाही, हे लेकरांना लगेच कळतं. पण त्या टीमनं स्वतःच सांगितलंय की मानसोपचारवाल्यांच्या जागी रोबोट बसवायचा त्यांचा इरादा नाही. इंग्लंडच्याच हर्टफर्डशायर युनिव्हर्सिटीतला कास्पर, ऑटिझमच्या मुलांसाठी बनवलेला, त्याचा चेहरा मुद्दाम साधा ठेवलाय कारण माणसाच्या चेहऱ्यावर एका वेळी फार काही चालू असतं आणि त्या मुलांना ते झेपत नाही.

आता मला सांगा, दुसऱ्याच्या तोंडून बोलायची ही युक्ती आपल्याला नवीन आहे का? तुमच्या बाजूच्याच पैठणचे एकनाथ महाराज सोळाव्या शतकात भारुडं लिहून गेले आणि त्यात ते कधी आंधळे होतात, कधी बहिरे, कधी मुके, कधी जोशी, कधी गोंधळी. जे सरळ सांगितलं असतं तर लोकांनी अंगावर घेतलं असतं किंवा ऐकलंच नसतं ते सोंगाच्या तोंडून सगळं गाव हसत ऐकून घेतंय. भारूड म्हणजे काही थेरपी नाही, असं कुणी म्हणत असेल तर म्हणू द्या, मीही म्हणणार नाही, भारूड भारूडच आहे. पण सोंग घेतल्यावर माणूस मोकळा होतो हे ज्याला माहीत आहे त्याला पाश्चात्य ड्रामाथेरपी समजायला अर्धा तास पुरतो. व्हिएन्नाचे डॉक्टर मोरेनो यांनी गेल्या शतकात सायकोड्रामा म्हणून हेच उपचारात आणलं, पेशंटला स्वतःच्या बापाच्या, बायकोच्या भूमिकेत उभं करून.

तर तुमचे शिक्षक बरोबर आहेत आणि कंपनीलाही नाराज करायची गरज नाही. लेकरांनाच रोबोट बनवू द्या.

हे मी चेष्टेत म्हणत नाही. डोकं कागदाच्या लगद्याचं, अंग जुन्या साडीचं नाहीतर पोत्याचं, आत दोन-तीन छोट्या सर्वो मोटर, एकेक शंभर-दीडशे रुपयाला मिळते, मान हलवायला आणि डोळ्याच्या पापण्यांना. मोटर चालवायला एक ईएसपी-३२ नावाचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, मेमरी कार्डवरून आवाज वाजवणारं एक छोटं मॉड्यूल, स्पीकर, बॅटरी. सगळं मिळून तीनेक हजारात बसतं. जवळच्या पॉलिटेक्निकची दोन पोरं किंवा ज्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी यंत्रं बनवून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) आहे तिथले सर हे आरामात करून देतील. बोलणं मात्र पडद्यामागून माणसानंच करायचं, ब्लूटूथ स्पीकरवर. याला कमीपणा मानू नका, परदेशातल्या संशोधनातसुद्धा बऱ्याच वेळा रोबोट मागं बसलेला माणूसच चालवत असतो.

माणूसच का, तर एक अगदी साधं कारण आहे, भाषा. हे जे आपोआप ऐकून उत्तर देणारे रोबोट आहेत त्यांना पुस्तकी मराठीच नीट झेपत नाही आणि आपली आजी म्हणणार 'डोकं दुखायलंय', 'करमंना', 'लेकीकडं जावं वाटायलंय'. एखाद्या म्हाताऱ्या माणसानं धीर करून मनातलं बोलावं आणि समोरच्या मशीननं 'माफ करा, मला समजले नाही' म्हणावं, तेही तीनदा, यापेक्षा रोबोट नसलेला बरा. गप्प बसायला शिकवायचं हे मशीन होईल.

लेकरांना फसवायचं का, मागं माणूस आहे हे लपवायचं का, हा प्रश्न लगेच येतो. माझा अनुभव असा की लपवू नये. पहिल्याच दिवशी आतली मोटर, वायरी, पडद्यामागचा माणूस, सगळं दाखवून टाकायचं. तरी पाच मिनिटांनी लेकरं त्याच्याशीच बोलतात, पडद्याकडं कुणी बघत नाही. सोंग आहे हे माहीत असूनच सोंग चालतं. उलट लपवलेलं नंतर कळलं तर ज्या लेकराचा मोठ्या माणसांवरचा विश्वास आधीच पातळ आहे त्याला ते फार लागतं.

सेशन कसं घ्यायचं ते जरा सविस्तर लिहिते कारण इथंच सगळी मेख आहे. रोबोटला शहाणा बनवू नका. तो सल्ला देणारा, 'बाळांनो दुःख करू नका' म्हणणारा झाला की संपलं, तो अजून एक सर झाला. त्याला अडाणी ठेवा. तो कालच वसतिगृहात आलाय, त्याचे आई-बाप कारखान्यावर गेलेत, कोयता घेऊन गेलेत म्हणे पण कोयता कशाला असतो ते त्याला माहीत नाही, रात्री त्याला झोप येत नाही आणि अंथरूण ओलं होतं. आता तुम्ही त्याला सांगा. बस, एवढं केलं की लेकरं तज्ज्ञ होतात. ज्या पोराचं स्वतःचं अंथरूण ओलं होतं तेच पोरगं पुढं सरकून रोबोटला सांगतं की रात्री पाणी कमी प्यायचं, आणि कुणाला सांगू नको, पोरं हसतात. ते कुणाबद्दल सांगतंय हे तुम्हाला कळतं, तिथंच 'म्हणजे तुझंच ना' असं बोलायचं नाही. कधीच नाही. रोबोटचंच ठेवायचं. मुलांना जाणत्याच्या जागी बसवून शिकवायची ही पद्धत इंग्लंडच्या डोरोथी हेथकोट या नाट्यशिक्षिकेनं फार पुढं नेली.

आठवड्यातून दोन सेशन, पाऊण तासाचं एकेक, दहा-बारा लेकरांचा गट, त्यापेक्षा मोठा नको. सुरुवातीला अंग मोकळं करायचे खेळ, मग रोबोट, मग चित्र किंवा छोटा प्रसंग उभा करणं, आणि शेवटी रोबोटला झोपवायचं. हे झोपवणं टाळू नका, गंमत म्हणून नाही, भूमिकेतून बाहेर पडायला लेकरांना ते लागतं. नाहीतर दुपारी चारला काढलेली आईची आठवण रात्री दहाला अंथरुणात जागी होते आणि तेव्हा तिथं फक्त वॉचमनमामा असतात.

आता सगळ्यात जड भाग. लेकरू जर रोबोटला असं काही सांगून बसलं की कुणीतरी त्याला नको तिथं हात लावतं, तर? ते गुपित रोबोटचं राहत नाही. पोक्सो, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संस्थेची बदनामी होईल वगैरे तिथं चालत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच लेकरांना सांगायचं की हा रोबोट गप्पा पोटात ठेवतो, पण कुणाला मार बसत असेल, त्रास होत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर तो ताईला सांगणार. मुलांच्या मदतीची चाइल्डलाइन १०९८ आणि मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ हे दोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात पाहिजेत, टेलिमानस फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. आणि आंबेजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा किंवा जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, तिथं कोणत्या दिवशी कोण बसतं ते प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधी जाऊन विचारून, ओळख करून या. लेकरू बोलल्यावर शोधाशोध करायची नाही. ज्यांच्याकडं ही पुढची साखळी तयार नाही त्यांनी लेकरांना बोलतं करायच्या भानगडीत पडू नये, मग रोबोट असो नाहीतर नाटक, असं माझं कडक मत आहे.

म्हाताऱ्या माणसांकडं येते. आधी एक गोष्ट, जी ना रोबोटची आहे ना कलेची. जी आजी 'गप्प बसते, कशात मन नाही' तिचे कान तपासा. डोळे तपासा, मोतीबिंदू असेल. थायरॉइड, बी-१२ बघून घ्या. ऐकूच येत नसलेल्या माणसाला आपण उदास म्हणतो आणि त्याच्यापुढं भजन लावतो, काय उपयोग.

ते झाल्यावर, जातं आणा. खरं जातं, गावात कुणाच्या तरी न्हाणीजवळ पडलेलं असतंच. खुंट्याला हात लागला आणि दगड फिरायला लागला की ओवी येते, नुसतं 'आजी ओवी म्हणा की' म्हटलं तर येत नाही, 'आता कुठं आठवतंय माय' म्हणतात. हाताची सवय आणि गाणं एकमेकांना बांधलेलं असतं, आणि विसराळूपणा सुरू झालेल्या माणसातही सवयीची आठवण बरीच मागं टिकते. हेमा रायरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यात माजलगावच्या बायांच्याही आहेत, आंबेडकरांवरच्या. त्या ओव्या वाचल्या की लक्षात येतं, सासर, भाऊ, मेलेलं लेकरू, नवऱ्याचा मार, सगळं तिथं बोललंय, पहाटेच्या अंधारात, दगडाशी. संशोधनाच्या बाजूनं म्हणाल तर डिमेन्शियातल्या संगीतावर २०१८ चा कॉक्रेन या संस्थेचा, बरेच अभ्यास एकत्र तपासून काढलेला आढावा आहे, त्यात उदासपणाची लक्षणं कमी होत असावीत असं निघालं, चिडचिड-आक्रमकपणा मात्र फारसा कमी होत नाही. इंग्लंडात बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनवर १३४ आयांचा अभ्यास झाला, गाण्याच्या गटातल्या ज्यांचा त्रास जास्त होता त्या लवकर सावरल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कला आणि आरोग्यावरच्या तीन हजारांहून जास्त अभ्यासांचा आढावा काढलाय, सीएसआरवाल्यांना पुरावा लागला तर तो दाखवा, त्यांना जाड रिपोर्ट आवडतात.

आणि इथं तुमचे दोन्ही प्रोग्रॅम जोडता येतात. लेकरांनी बनवलेला तो अडाणी रोबोट आजीकडं न्या. तो विचारेल, आजी, जातं म्हणजे काय, तुझ्या लग्नात वऱ्हाड कशात आलं होतं, दुष्काळात सुकडी कशी लागायची. बाहत्तरचा दुष्काळ आठवणारी माणसं अजून आहेत तोवर विचारून घ्या. आजी त्याला ओवी शिकवेल, ती त्याच्या मेमरी कार्डवर भरायची, पुढच्या वेळी बटण दाबलं की तो आजीच्याच आवाजात म्हणणार आणि आजी म्हणणार, चुकलं, असं नाही, नि परत म्हणून दाखवणार. मी बघितलेल्या सगळ्या प्रकारांत हा मला सगळ्यात आवडता, कारण यात आजीची करमणूक चाललेली नसते, आजी गुरू असते. पण एक काळजी घ्या, आवाज भरायच्या आधी घरच्यांना विचारा, आणि आजी गेल्यानंतर त्या आवाजाचं काय करायचं तेही तिला आणि त्यांना तेव्हाच विचारून ठेवा. काही घरांना तो पाहिजे असतो, काहींना अचानक ऐकवला तर सोसत नाही.

पुरुष मंडळी जात्यापाशी येणार नाहीत, पारावरच बसणार. त्यांच्यासाठी भजनी मंडळाचा टाळ-पखवाज आहेच, त्यावर फार लिहीत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फक्त दारू पिऊन येणाऱ्याला भजनातून हाकलू नका, त्याला व्यसनमुक्तीच्या माणसाशी भेटवा.

विकतचा रोबोट घ्यायचाच असं कंपनीनं धरलं तर एकच प्रश्न विचारा, इंटरनेट गेल्यावर आणि तुमची कंपनी बंद पडल्यावर हा चालेल का. अमेरिकेत जिबो नावाचा घरगुती रोबोट होता, सर्व्हर बंद झाला तेव्हा तो लोकांना निरोपाचं बोलून गेला. मोक्सी नावाचा मुलांचा रोबोट होता, २०२४ च्या डिसेंबरात कंपनीनं गाशा गुंडाळतोय म्हणून कळवलं आणि आई-बापांवर लेकरांना समजावायची वेळ आली. तुमच्या वसतिगृहातली लेकरं दर दिवाळीला आई-बापाला गाडीत बसवून देतात, त्यांना अजून एक सोडून जाणारा देऊ नका. कॅमेरावाला असेल तर रेकॉर्डिंग कुठं जातं ते लेखी घ्या, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या लेकरांची माहिती वापरायला पालकांची खात्रीशीर संमती लागते, आणि पालक पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असताना ती संमती तुम्ही कशी घेणार ते आत्ताच ठरवा, हंगामाला निघायच्या आधी.

आठ लाखाचं गणित माझ्या हिशोबानं असं, एक पूर्णवेळ फॅसिलिटेटर, म्हणजे सेशन चालवणारी, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स पदवी) झालेली आणि गाण्या-नाटकाची लाज नसलेली, महिना बावीस हजार धरा, वर्षाचे अडीच लाखाच्या पुढं. गावातल्याच दोन बाया मदतनीस म्हणून, त्यांना नीट मानधन, फुकट राबवू नका. महिन्यातून दोनदा बाहेरून येणारा सायकॉलॉजिस्ट, मुलांसाठी कमी आणि या तिघींसाठी जास्त, कारण रोज असलं ऐकणाऱ्यालाही कुणीतरी ऐकणारं पाहिजे. साहित्याला, दोन-तीन रोबोटसकट, चाळीस हजार खूप झाले. उरलेले दुसऱ्या वर्षासाठी ठेवा, एका हंगामात काही होत नाही.

रिपोर्टमध्ये 'लाभार्थी संख्या' तेवढी लिहू नका. लेकरांच्या वागण्या-भावनांसाठी एसडीक्यू नावाची २५ प्रश्नांची प्रश्नावली आहे, मोठ्यांचं मन किती बरं आहे ते बघायला डब्ल्यूएचओ-५, पाचच प्रश्न, २५ पैकी १३ च्या खाली आकडा आला की नीट चौकशी करायची. हंगामाच्या सुरुवातीला एकदा, मध्ये एकदा, आई-बाप परत यायच्या आधी एकदा. प्रश्न वाचून दाखवा, आजीच्या हातात कागद देऊ नका. आणि सोबत एक साधी वही ठेवा, कोण किती वेळा स्वतःहून आलं, कोण यायचं बंद झालं. यायचं बंद झालेल्याच्या घरी त्याच आठवड्यात कुणीतरी जाऊन यायचं, हे फॅसिलिटेटरच्या नेमणुकीच्या कागदातच लिहून टाका.